फुकट, हलका आणि बोलावलं तरच चालणारा व्हायरस स्कॅनर: नेमका कुठला घ्यावा?

गारवेल (धागाकर्ती)

विंडोज १० किंवा ११, ४ जीबी रॅम, आत एसएसडी नव्हे तर फिरती हार्ड डिस्क, आणि राखणीला विंडोजचाच डिफेंडर. असे लॅपटॉप घरोघरी अजून भरपूर आहेत. त्यांच्यावर दुसरा पूर्णवेळ अँटिव्हायरस चढवला की मशीन मान टाकतं. पण ब्राउझरचं होमपेज आपोआप बदललं, काही न करता पंखा भणाणतोय, पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसताहेत, अशा वेळी डिफेंडर 'सगळं ठीक' म्हणाला तरी समाधान होत नाही. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाने (व्हायरस शोधणाऱ्या मूळ यंत्रणेने) एकदा तपासावं आणि काम झालं की निघून जावं, एवढीच अपेक्षा आहे.

निवडताना चार गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं. बंद केल्यावर मागे सर्व्हिस, स्टार्टअप एंट्री किंवा ड्रायव्हर राहतो का? सापडलेलं फुकटात साफ करतो, की नुसतं दाखवून पैसे मागतो? डेफिनिशन्स (व्हायरस ओळखण्याच्या खुणा) स्वतः अपडेट होतात, की दर वेळी अख्खी फाइल नव्याने उतरवावी लागते? आणि इंजिन खरंच वेगळं आहे का?

यात बसणारी नावं: ईसेट ऑनलाइन स्कॅनर, कॅस्परस्की व्हायरस रिमूव्हल टूल, एम्सिसॉफ्ट इमर्जन्सी किट, डॉ. वेब क्युअरइट, आणि फक्त अ‍ॅडवेअरसाठी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर. हिटमॅनप्रो शोधतो चांगलं, डाउनलोडही लहान आहे, पण साफसफाई फक्त ३० दिवसांच्या चाचणी काळात फुकट. म्हणून तो दुसऱ्या अटीवर बाद. ज्यांना यांचे खाचखळगे माहीत आहेत त्यांनी तपशिलात लिहावं.

भोवरा

स्कॅनरचं वजन तीन ठिकाणी पडतं: डाउनलोडवर, रॅमवर आणि डिस्कवर. बहुतेक जण पहिलंच बघतात. जुन्या लॅपटॉपवर खरी कोंडी तिसऱ्या ठिकाणी होते.

५४०० आरपीएमच्या डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकायला वेळ खातं. विखुरलेल्या छोट्या फाइल्स वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं होतात. विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल्स लाखांच्या घरात असतात. म्हणजे फुल स्कॅनला तासन्‌तास लागणारच, स्कॅनर कुठल्याही कंपनीचा असो. वर डिफेंडरचं रिअल-टाइम संरक्षण चालू असल्यामुळे दुसऱ्या स्कॅनरने उघडलेली फाइल तोही तपासतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे. ते बिघाडाचं लक्षण नाही.

त्यामुळे पहिल्याच फटक्यात फुल स्कॅन लावू नये. आधी क्विक स्कॅन. त्यात मेमरीत चालू असलेल्या प्रोसेस, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) आणि स्टार्टअपच्या जागा, सिस्टिम फोल्डर एवढं येतं, आणि जिवंत व्हायरस सापडायचा तर बहुधा तिथेच सापडतो. मग कस्टम स्कॅन करून हे फोल्डर द्यावेत: डाउनलोड्स, डेस्कटॉप, युजरच्या फोल्डरातला लपलेला अ‍ॅपडेटा (लोकल आणि रोमिंग दोन्ही, टेम्प लोकलमध्येच आहे), सी ड्राइव्हवरचा प्रोग्रामडेटा, आणि युजर्समधला पब्लिक. अ‍ॅडमिनचा पासवर्ड न विचारता लिहिता येतं अशा बऱ्याचशा जागा यात आहेत, म्हणून कुठलाही चोरटा प्रोग्राम आधी इथेच बस्तान मांडतो.

झिप, आयएसओ वगैरे आर्काइव्ह पहिल्या फेरीत वगळावेत. बंद झिपमधला व्हायरस चालत नसतो, आणि झिपमधल्या झिपा उघडण्यात निम्मा वेळ जातो.

अजून दोन गोष्टी. स्कॅन लावण्याआधी चार्जर जोडा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, नाहीतर लॅपटॉप मध्येच झोपतो आणि सकाळी २० टक्क्यांवर अडकलेला स्कॅन बघायला मिळतो. आणि दोन स्कॅनर एकाच वेळी लावू नका. एकाने क्वारंटाइन केलेली, म्हणजे बंद कप्प्यात टाकलेली, फाइल दुसऱ्याला दिसते आणि फुकट घबराट होते.

रानजाई

चांगली माहिती. मायक्रोसॉफ्टचाच सेफ्टी स्कॅनर यादीत का नाही? फुकट आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, साफही करतो.

तळटीप

रानजाई, तो गारवेल यांच्या चौथ्या अटीवर अडतो. सेफ्टी स्कॅनरमध्ये इंजिन आणि डेफिनिशन्स डिफेंडरचीच आहेत. डिफेंडरच्या नजरेतून जे सुटलं ते इथेही सुटणार. त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे: डिफेंडर बंद पाडलेला असेल, अपडेट होत नसेल, किंवा उघडतच नसेल तर.

वापरायचा असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उतरवल्यापासून १० दिवसांनी तो चालत नाही, नवा उतरवावा लागतो. तेव्हा पेन ड्राइव्हवर जपून ठेवण्यात अर्थ नाही. ३२ आणि ६४ बिटची फाइल वेगळी आहे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत जास्त गोंधळ घालते: स्कॅन चालू असताना पडद्यावर 'फाइल्स इन्फेक्टेड' पुढे ५, ७ असे आकडे चढताना दिसतात आणि शेवटी मात्र 'काहीही सापडलं नाही' असा निकाल येतो. मधला आकडा हा प्राथमिक संशय असतो. शेवटच्या टप्प्यात त्या फाइल्सची पडताळणी होते आणि निर्दोष ठरलेल्या सुटतात. शेवटचा निकालच खरा. शंका असेल तर विंडोज फोल्डरातल्या डीबग फोल्डरात एमएसईआरटी नावाची लॉग फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून वाचावी.

दर महिन्याच्या अपडेटसोबत येणारं मॅलिशस सॉफ्टवेअर रिमूव्हल टूल निराळं. ते काही ठरावीक, जास्त पसरलेल्या जातीच शोधतं. त्याला स्कॅनर म्हणून मोजू नये.

मु_पो_खेड

डिफेंडरऐवजी क्विक हील किंवा दुसरा विकतचा अँटिव्हायरस ज्यांच्याकडे आहे, त्यांनी काय करायचं?

तळटीप

त्यांचं काम सोपं आहे. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो, पण मशीनवरून जात नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये खाली 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑप्शन्स' दिसेल, तिथे 'पिरिऑडिक स्कॅनिंग' चालू करा. पहारा विकतच्या अँटिव्हायरसचाच राहतो आणि डिफेंडर अधूनमधून, किंवा तुम्ही सांगाल तेव्हा, तपासणी करून जातो. वेगळं इंजिन, डाउनलोड शून्य. अशा मशीनवर यापेक्षा हलका पर्याय नाही.

दीपमाळ

मालवेअरबाइट्सचं नाव कोणीच कसं घेतलं नाही?

भोवरा

घ्यायला हरकत नाही, पण बसवताना डोळे उघडे ठेवावे लागतात. फुकट आवृत्ती बसवताना १४ दिवसांची प्रीमियम चाचणी पुढे केली जाते. ती चालू झाली की मालवेअरबाइट्स रिअल-टाइम होतो, स्वतःची नोंद विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये करतो आणि डिफेंडर बाजूला सरतो. चाचणी संपली की तो परत 'बोलावल्यावरच' होतो. तोपर्यंत ४ जीबीच्या मशीनवर नको असलेला पाहुणा बसून राहतो.

उपाय: चाचणी नाकारा. चालू झालीच असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा आणि सिक्युरिटी सेंटरमध्ये नोंद करण्याचा पर्यायही बंद करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर खरंच परत चालू झालाय ना ते डोळ्यांनी बघा. इतकं केल्यावरही तो इन्स्टॉल होणारा प्रोग्राम आहे आणि त्याची सर्व्हिस मागे राहते, म्हणून गारवेल यांच्या पहिल्या अटीत बसत नाही.

त्याच कंपनीचा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर मात्र डोळे झाकून सुचवेन. एकच छोटी फाइल, इन्स्टॉल नाही. होमपेज बदलणं, सर्च दुसरीकडेच वळवणं, टूलबार, 'तुमचा पीसी फास्ट करा' छाप प्रोग्राम यांच्यासाठी तो आहे. स्कॅन होतो पटकन, साफ केल्यावर रीस्टार्ट मागतो, म्हणून आधी उघडी कामं सेव्ह करा. निकालाच्या यादीत लॅपटॉप कंपनीने आधीच घातलेले प्रोग्राम वेगळ्या गटात दाखवतो. ते व्हायरस नाहीत. हवे असतील तर खूण करू नका.

गारवेल

पेन ड्राइव्हबद्दल कोणी सविस्तर लिहील का? झेरॉक्सच्या दुकानात, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात, कॉलेजच्या लॅबमध्ये पेन लावून आणला की त्यात शॉर्टकट तयार होतात, हा प्रश्न सगळीकडून येतो. स्कॅनर चालवतात, 'साफ' म्हणतो, आणि पुन्हा तेच.

उंबरठा

लिहितो. हा प्रकार आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण नुसता स्कॅनर इथे अर्धवट काम करतो.

पेन लावल्यावर आपोआप प्रोग्राम चालू होण्याची जुनी सोय विंडोज ७ पासून बंद आहे. एक्सपी आणि व्हिस्टासाठीही मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ती अपडेटमधून बंद केली. म्हणून व्हायरसवाल्यांनी माणसाच्याच हाताने क्लिक करून घ्यायची युक्ती काढली. 'अर्ज' नावाचा तुमचा फोल्डर असतो. व्हायरस त्याला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही गुण लावतो. नुसता हिडन असता तर साध्या सेटिंगने दिसला असता. सिस्टिमही असल्यामुळे 'हिडन आयटम्स' वर खूण करूनही दिसत नाही. मग तो 'अर्ज' याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला शॉर्टकट बनवतो. तुम्ही त्यावर डबल-क्लिक करता, फोल्डर उघडतो, आत फाइल्स जागच्या जागी असतात. मागच्या मागे व्हायरस त्या मशीनवर चालू झालेला असतो.

ओळखायचं कसं? चित्राच्या डाव्या कोपऱ्यात शॉर्टकटचा छोटा बाण दिसतो. शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ (विंडोजचेच, दुसरं काही चालवून देणारे प्रोग्राम) दिसलं तर खात्री समजा. गामारू ऊर्फ अँड्रोमेडा या जातीत तर पेनमधली सगळी सामग्री बिननावाच्या फोल्डरात ढकललेली असते. त्या फोल्डरचं नाव म्हणजे फक्त एक न दिसणारी रिकामी जागा असते, त्यामुळे यादीत चित्र दिसतं आणि त्याच्यापुढे काहीच नाही. अँड्रोमेडाचं जाळं २०१७ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडलं, पण अशा पेन ड्राइव्हना तो निरोप पोचत नाही. ते अजून एका मशीनवरून दुसऱ्यावर जातच असतात.

आता पुन्हा पुन्हा का होतं? कारण पेन साफ करतात आणि मशीन तसंच सोडतात, किंवा उलट. मशीनवर व्हायरस चालू असेल तर साफ पेन लावताक्षणी पुन्हा घाण होतो. क्रम असा ठेवा.

पेन बाहेर काढा. टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसतंय का बघा. तुम्ही कुठलीही स्क्रिप्ट चालवलेली नसताना ते दिसलं तर बंद करा. रन खिडकीत 'शेल', मग कोलन, मग 'स्टार्टअप' टाइप करून स्टार्टअपचा फोल्डर उघडा आणि तिथली अनोळखी स्क्रिप्ट किंवा शॉर्टकट काढा. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब आणि टास्क शेड्युलर दोन्ही नजरेखालून घाला. मग मशीनवर आधी डिफेंडरचा क्विक स्कॅन आणि त्यानंतर एका वेगळ्या इंजिनाचा स्कॅन. रीस्टार्ट करून डब्ल्यूस्क्रिप्ट परत उगवलेलं नाही याची खात्री करा.

त्यानंतरच पेन लावा, पण काहीही उघडू नका. इथे एक महत्त्वाची गोष्ट: डिफेंडरचा फुल स्कॅन मूळ सेटिंगमध्ये पेन ड्राइव्ह तपासतच नाही. 'फुल स्कॅन केला की' म्हणणारे इथेच फसतात. पेनच्या चित्रावर राइट-क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' द्यायचं. विंडोज ११ मध्ये ते दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स' खाली असतं.

स्कॅनर शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवतो, पण तुमच्या फोल्डरांचे लपवण्याचे गुण तो काढेलच असं नाही. म्हणून पेन रिकामा दिसतो आणि लोक समजतात की डेटा गेला. डेटा जागेवरच असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून अ‍ॅट्रिब ही कमांड वापरा: अ‍ॅट्रिब, जागा, मायनस एच, जागा, मायनस एस, जागा, मायनस आर, जागा, पेनचं अक्षर आणि कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी. पेनचं अक्षर आधी 'धिस पीसी' मध्ये बघून घ्या. सी ड्राइव्हवर ही कमांड कधीही चालवू नका, सिस्टिमच्या खऱ्या लपवलेल्या फाइल्स उघड्या पडतील. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डरासाठी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असा संदेश आला तर काळजी नको.

फोल्डर दिसू लागले की फक्त कागदपत्रं आणि फोटो मशीनवर कॉपी करा, पेन फॉरमॅट करा, मग परत टाका. बाहेर प्रिंट काढायला कामाचा पेन नेऊच नये. एक रिकामा पेन त्यासाठीच ठेवा, त्यात फक्त तेवढी पीडीएफ टाका, आणि घरी आणल्यावर आधी फॉरमॅट करून मग वापरा. दुकानदार मेलवर पीडीएफ घेत असेल तर ते सर्वांत उत्तम.

मु_पो_खेड

उंबरठा, नमस्कार तुम्हाला. हे छापून केंद्राच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

रानजाई

पेन आणि मशीनसाठी मग यादीतला कुठला घ्यायचा? इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर?

तळटीप

इंटरनेट बेताचं असेल तर फरक असा पडतो. कॅस्परस्कीचं रिमूव्हल टूल आणि क्युअरइट यांच्यात डेफिनिशन्स फाइलमध्येच भरलेली येतात. एकदा उतरवलं की इंटरनेट काढून स्कॅन करता येतो, पण पुढच्या खेपेला अख्खी फाइल पुन्हा. ईसेटची सुरुवातीची फाइल लहान असते, डेफिनिशन्स ती चालू केल्यावर उतरतात, म्हणून स्कॅनच्या सुरुवातीला इंटरनेट लागतंच. एम्सिसॉफ्टचं किट पहिल्यांदा मोठं उतरतं आणि फोल्डरात उघडतं, पण नंतर स्वतःला अपडेट करतं. ते पेन ड्राइव्हवर टाकून चांगल्या इंटरनेटच्या मशीनवर अपडेट करायचं आणि मग आजारी मशीनवर न्यायचं, अशी सोय आहे. चार मशीन सांभाळणाऱ्यांना हेच बरं. मात्र किट आणि क्युअरइट दोन्ही घरगुती वापरापुरतेच फुकट आहेत. दुकानात गिऱ्हाइकांची मशीनं दुरुस्त करायला परवाना घ्यावा लागतो.

ईसेट चालू करताना 'पोटेन्शियली अनवाँटेड' प्रोग्राम शोधायचे का असं विचारतो, तिथे हो म्हणा. शेवटी दर महिन्याला आपोआप स्कॅन करू का असंही विचारतो, तिथे नको म्हणा, म्हणजे मागे काही राहणार नाही.

कॅस्परस्कीच्या टूलमध्ये मूळ सेटिंगला मेमरी, स्टार्टअप आणि बूट सेक्टर एवढंच तपासलं जातं. 'चेंज पॅरामीटर्स' मध्ये जाऊन सिस्टिम ड्राइव्ह किंवा हवा तो फोल्डर जोडा. 'दोन मिनिटांत संपलं, काहीच सापडलं नाही' असं होतं ते बहुधा यामुळे.

दीपमाळ

अमेरिकेत कॅस्परस्कीवर बंदी आहे ना? मग इथे तरी का सुचवता?

तळटीप

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जून २०२४ मध्ये विक्री थांबवण्याचा आदेश काढला आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथे अपडेटही बंद झाले. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं दिलं होतं, कंपनी रशियन असल्यामुळे. तो आदेश अमेरिकेपुरता आहे. तिकडे राहणाऱ्यांनी हा पर्याय सोडावा. इथे शोधक्षमतेबद्दल तक्रार करायला जागा नाही, पण कामाच्या ठिकाणचं मशीन असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. ज्यांना रशियन कंपनी नकोच त्यांच्यासाठी क्युअरइटही रशियनच, म्हणून ईसेट (स्लोव्हाकिया) किंवा एम्सिसॉफ्ट घ्या. या कारणावरून वाद घालण्याइतका या चौघांच्या कामात फरक नाही.

उंबरठा

आपल्याकडचीही एक सोय आहे. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झालं, सीईआरटी-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते. तिथे बॉट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारा व्हायरस) काढण्याची फुकट टूल्स मिळतात: पुण्याच्या क्विक हीलचं, मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचं म्हणजे ई-स्कॅनचं, आणि चेन्नईच्या के७चं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून 'तुमच्या कनेक्शनवर बॉटनेटची हालचाल दिसते' असा संदेश आला तर पहिली धाव इथे घ्यावी. फक्त केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करा, संदेशातल्या लिंकवर क्लिक करू नका.

गारवेल

लिनक्सवाल्यांसाठी क्लॅमएव्ही हा फुकट स्कॅनर कसा?

भोवरा

मेल सर्व्हर, फाइल सर्व्हर यांच्यासाठी चांगला. ४ जीबीच्या लॅपटॉपवर हलका म्हणता येणार नाही. त्याचा क्लॅमस्कॅन हा तपासणारा भाग दर वेळी सगळी डेफिनिशन्स मेमरीत चढवतो, आणि त्याच्या दस्तऐवजातच ३ जीबी किंवा जास्त रॅमची शिफारस आहे. एक फाइल तपासायलाही त्यामुळे थांबावं लागतं. विंडोजच्या ताज्या व्हायरसांसाठी त्याची पकड वरच्या नावांइतकी नाही. फ्रेशक्लॅम, म्हणजे डेफिनिशन्स उतरवणारा भाग, हाताने चालवताना 'लॉग फाइल दुसऱ्या प्रोसेसने लॉक केली आहे' अशी चूक आली तर पार्श्वभूमीला त्याचीच सर्व्हिस चालू असते. ती थांबवा, किंवा तिच्यावरच सोडा.

मु_पो_खेड

एक अडचण सतत येते. दोन स्कॅनर दोन गोष्टी सांगतात. एक म्हणतो ट्रोजन, दुसरा म्हणतो स्वच्छ. फाइल ठेवायची की उडवायची?

भोवरा

नाव वाचायला शिका. डिफेंडरच्या नावात शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल, उदाहरणार्थ 'वाकाटॅक' पुढे तसं दिसलं, तर तो अंदाज मशीन लर्निंगने काढलेला आहे, ओळख पटलेली नाही. इथे चुकीचा इशारा असू शकतो. 'पीयूए' म्हणजे नको असलेला पण व्हायरस नसलेला प्रोग्राम. 'हॅकटूल' म्हणजे बहुधा विंडोज किंवा ऑफिस फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करणारं काहीतरी.

मग फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून त्याच्या सीआरसी मेनूमधून मिळतो. तो व्हायरसटोटल या अनेक इंजिनांनी तपासणाऱ्या साइटच्या शोध खिडकीत टाका. फाइल आधीच कोणी तपासली असेल तर सत्तरच्या आसपास इंजिनांचा निकाल लगेच दिसतो. दोन-तीन अनोळखी इंजिनांनीच लाल केलं असेल आणि फाइलवर ओळखीच्या कंपनीची डिजिटल सही असेल तर बहुधा चुकीचा इशारा. वीस-तीस इंजिनं एकमताने सांगत असतील तर चर्चा नको.

फाइल चढवायची वेळ आली तर मर्यादा ६५० एमबी आहे, पण खरी मर्यादा दुसरीच आहे. चढवलेली फाइल तिथल्या सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवता येते. आधार, पॅन, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, पगाराची स्लिप असलेली फाइल तिथे कधीही चढवू नये. हॅशने शोधण्यात हा धोका नाही.

निर्णय होईपर्यंत फाइल क्वारंटाइनमध्येच राहू द्या. तिथून ती चालत नाही आणि परतही आणता येते.

उंबरठा

'हॅकटूल' वरून एक जोडतो, कारण इथेच डिफेंडर हरतो. मशीन विकताना किंवा फॉरमॅट करताना विनापरवाना विंडोज टाकलं जातं. अ‍ॅक्टिव्हेटर पकडला जाऊ नये म्हणून ते टाकणारा डिफेंडरच्या वगळण्याच्या यादीत, म्हणजे एक्सक्लूजन्समध्ये, फोल्डर घालून ठेवतो. कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह. मग डिफेंडर वर्षानुवर्षं हिरवी खूण दाखवतो आणि काहीच तपासत नाही.

विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स'. ही यादी रिकामी असायला हवी. स्वतः न टाकलेली प्रत्येक नोंद काढा. घरगुती मशीनवर तिथे 'युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हे मॅनेज करतो असं लिहून आलं तर कोणीतरी रजिस्ट्रीत पॉलिसी घुसवलेली आहे, आणि नुसतं बटण दाबून ती जाणार नाही. कुठलाही स्कॅनर निवडण्याआधी ही एक यादी बघा. दुसरा स्कॅनर उतरवायची गरज त्यानेच संपू शकते.

दीपमाळ

फोनवर 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' नावाच्या एपीके (अँड्रॉइड फोनवर प्रोग्राम चढवणाऱ्या फाइल्स) व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यासाठी यातलं काही चालेल का?

तळटीप

नाही. विंडोजचे स्कॅनर फोन साफ करत नाहीत. एपीके उघडून इन्स्टॉल केली असेल तर आधी फ्लाइट मोड. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्या अ‍ॅपचे अधिकार काढा, मग अ‍ॅप काढा. अधिकार असताना ते निघू देत नाही. त्यानंतर प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचा स्कॅन. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर, दुसऱ्या फोनवरून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि मग बँकेला फोन.

रानजाई

स्कॅनरने साफ केलं, आता सगळं सुरक्षित असं मानायचं का?

उंबरठा

काय सापडलं यावर आहे. अ‍ॅडवेअर असेल तर हो. पासवर्ड चोरणारा, म्हणजे 'स्टीलर' जातीचा असेल तर तो आल्या आल्या ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या खुणा) पाठवून मोकळा होतो. तुम्ही स्कॅन करता तेव्हा तो गेलेलाही असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून मेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदला, मग 'सगळीकडून साइन आउट' करा. कुकी चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक ठिकाणी भागत नाही.

फाइल्सची नावं बदलून शेवटी अनोळखी अक्षरं लागली असतील तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. स्कॅनर त्याला काढेल, फाइल्स उघडून देणार नाही. त्या जपून ठेवा, पैसे भरू नका, आणि युरोपोलचा सहभाग असलेल्या 'नो मोअर रॅन्सम' वर त्या जातीची किल्ली उपलब्ध आहे का बघा. सगळ्यांची नसते.

गारवेल

एक शेवटचा प्रश्न. कुठलाही स्कॅनर उघडला की लगेच बंद होतो, किंवा अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटच उघडत नाहीत. तेव्हा?

तळटीप

म्हणजे व्हायरस जागा आहे आणि स्कॅनरना नावाने ओळखतो आहे. क्युअरइट इथे उपयोगी पडतो, कारण उतरवताना त्याची फाइल दर वेळी वेगळ्याच, अर्थहीन नावाने येते. साइट उघडत नसतील तर ती दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि पेनने आणा. आधी मशीनचं घड्याळ आणि तारीख बरोबर आहे ना बघा, कारण तारीख चुकली तरी साइट उघडत नाहीत आणि उगाच व्हायरसवर संशय जातो. मग विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने जाऊन होस्ट्स फाइल (साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडा. तिथे हॅश चिन्हाने सुरू न होणाऱ्या ओळीत सुरक्षा कंपन्यांची नावं दिसली तर त्या ओळी काढायच्या.

तेवढ्यानेही चालला नाही तर विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑफलाइन स्कॅन' आहे. आधी कामं सेव्ह करा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोजच्या बाहेरच्या वातावरणात तपासणी करतं, तिथे व्हायरस चालूच झालेला नसतो. साधारण १५ मिनिटांचं काम, फिरत्या डिस्कवर जास्त. निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्ट्रीत दिसतो. बाहेरची रेस्क्यू डिस्क (विंडोजऐवजी तिच्यावरून मशीन चालू करून तपासायची) वापरणार असाल तर ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं संरक्षण) आहे का ते आधी बघा. असेल तर तिला ड्राइव्ह वाचताच येणार नाही. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, ती आधी लिहून घ्या.